वाचकांचे प्रश्न : हळद-कुंकू हातांना, पीक-माती पायांना

गेल्या अंकात ‘हृदयाच्या तपासण्यांबद्दल काय विचारायचंय ते कळवा’ असं आवाहन छापलं होतं. पत्रं बरीच आली. त्यातली निम्मी ‘कोणत्या डॉक्टरकडे जाऊ’ अशी होती, ती मी बाजूला ठेवली. जळगावातल्या एका दवाखान्यात हृदय तपासणीच्या विभागात मी सतरा वर्षं सिस्टर आहे. हृदयाची रेघ कागदावर काढणारा ईसीजी, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, होल्टर म्हणजे दिवसभर अंगावर राहणारं ईसीजीचं यंत्र, आणि माणूस कमी पडलं की कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफीची खोली. मी डॉक्टर नाही. कागद कसा निघतो ते सांगेन, कागद वाचून गोळी सांगणार नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाई बासष्ट वर्षांच्या आहेत. दोन महिन्यांपासून ओटा झाडला तरी दम लागतो, पाठीत भरून येतं. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितलाय. त्या म्हणतात, परक्या माणसासमोर चोळी सोडणार नाही, मेले तरी चालेल. ब्लाऊजवरून ईसीजी काढता येत नाही का?
– एक सून, यावल तालुका

नाही येत, ताई. आणि याचं उत्तर मी जरा लांबवणार आहे, कारण या एका गोष्टीपायी बायकांचे जितके ईसीजी बिघडलेले मी पाहिलेत, तितके मशीनच्या बिघाडानं बिघडलेले पाहिले नाहीत.

ईसीजीच्या तारा दहा असतात. चार हातापायांना चिमट्यांनी लागतात, सहा छातीवर. छातीवरच्या सहांची जागा बोटांनी फासळ्या मोजून धरायची असते. पहिल्या दोन चौथ्या आणि पाचव्या फासळीमधल्या खाचेत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला. चौथी एक खाच खाली, गळ्याच्या हाडाच्या मध्यावरून सरळ उतरलं की जिथे येतं तिथे. म्हणजे बाईच्या बाबतीत स्तनाच्या खाली. तिसरी ही दुसरी आणि चौथी यांच्या मधे. पाचवी-सहावी तिथून आडवी काखेकडे. कापड मधे आलं, की तार छातीला चिकटवणारा रबरी फुगा धरत नाही आणि रेघ थरथरते. हे किमान दिसतं तरी. जागा वर सरकली तर रेघ स्वच्छ येते, पण खोटी येते.

हे मला कसं कळलं ते सांगते. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पन्नाशीची एक बाई आली, सोबत नवरा आणि दीर. बाईनं ब्लाऊजचं वरचं एकच हुक काढलं आणि बाकीचे दोन्ही हातांनी दाबून धरले. बाहेर रांग लागलेली, मलाही घाई. पहिल्या दोन तारा गळ्याखाली जिथे उघडं सापडलं तिथे लावल्या, म्हणजे दोन खाचा वर. कागद निघाला आणि मशीननं स्वतःच खाली छापलं, की जुना हार्ट अटॅक येऊन गेला असावा. दिरानं ते इंग्रजी वाचलं आणि मोठ्यानं सांगितलं. बाई तिथेच रडायला लागली, नवरा भिंतीला टेकून खाली बसला. डॉक्टरांनी इको केला, तर हृदय ठणठणीत. मग त्यांनी मला आत बोलावलं, परत ईसीजी काढायला लावला, फासळ्या मोजून. दुसऱ्या कागदावर अटॅक नव्हता. ओरडले नाहीत. दोन्ही कागद माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘ठेवा.’ ते अजून माझ्या कपाटात आहेत.

तर आता सासूबाईंचं. जाण्याआधी फोन करून विचारा, ईसीजीला सिस्टर आहे का. बहुतेक ठिकाणी असते, फक्त मागावी लागते. पुढून हुकांचा, सैल ब्लाऊज घाला. तुम्ही आत थांबा, कोणी बाहेर काढलं तर ‘मी सून आहे, मी थांबणार’ म्हणा. मंगळपोत काढायची गरज नाही, पाठीवर सारली की झालं. मी तर आधी पदर पांघरू देते आणि पदराखालूनच तारा लावते. फासळ्या मोजायला बोटं लागतात, डोळे नाही. सगळं मिळून पाच मिनिटं, त्यात कागदावर उतरतात ते दहा सेकंद.

आणखी एक. ‘छातीत कळ आली नाही म्हणजे हृदयाचं नाही’ असं घरात कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. बायकांमध्ये आणि साखरेच्या पेशंटमध्ये दम लागणं, पाठ किंवा जबडा दुखणं, मळमळ, नुसता थकवा, एवढ्यावरही ते असू शकतं. दोन महिने झालेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी येऊन गेल्यावर बघू, असं करू नका, याच आठवड्यात न्या. बसल्याजागी दम लागला किंवा घाम फुटला तर त्याच घडीला १०८ लावा.

प्रश्न : वडिलांच्या छातीत भरीत-पुरी खाल्ल्यावर दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल आला. तरी डॉक्टरांनी सहा तास ठेवून घेतलं, आणखी दोन ईसीजी काढले, रक्त दोनदा तपासलं. सगळं नॉर्मल. नॉर्मल आल्यावर पुन्हा पुन्हा तेच करणं म्हणजे बिल वाढवणं नाही का?
– भुसावळहून एक रेल्वे कर्मचारी

नाही, भाऊ. तुम्ही रेल्वेतले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. ईसीजी म्हणजे फलाटावर उभं राहून दहा सेकंद रूळ बघणं. त्या दहा सेकंदांत गाडी दिसली नाही, म्हणजे आजच्या सगळ्या गाड्या रद्द आहेत असं नाही. अटॅकच्या सुरुवातीला ईसीजी चक्क सरळ येऊ शकतो. म्हणून दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढतात. हृदयाच्या मागच्या भिंतीचं काही असेल, तर पुढच्या सहा तारांना ते नीट दिसत नाही. अशा वेळी आम्ही तारा डावीकडून पाठीवर नेऊन लावतो. आणि रक्तातलं ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर काही तासांनी वाढतं, म्हणून पहिलं नॉर्मल आलं तरी काही तासांनी दुसरं करतात. तुमच्या वडिलांचं जे झालं ते अगदी रीतसर झालं.

बिल वाढवणारे असतात, नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना ओळखायचा माझा एकच प्रश्न आहे : ‘ही तपासणी खराब आली तर काय करणार आणि चांगली आली तर काय करणार?’ दोन्हीला एकच उत्तर आलं, तर मग पुढचं विचारा. पण हा प्रश्न छातीत दुखत असताना दारात उभं राहून घालायचा नाही.

भरीताला दोष देऊ नका. त्यावर सोडा पिऊन ‘गॅस आहे’ म्हणत घरी बसले असते, तर मात्र मी तुम्हाला रागावले असते.

प्रश्न : आईच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, करंट धरेल का? आणि बहीण सातव्या महिन्यात आहे, तिला इको सांगितलाय, बाळाला त्रास होईल का?
– चोपडा

गोंदणाचा काही संबंध नाही. ईसीजीत मशीन करंट देत नाही, हृदयाचा असतो तो टिपते. तरी दिवसातून एकदा तरी कोणी आजी विचारतेच, ‘करंट लागस का वं माय?’ इको म्हणजे सोनोग्राफीच, क्ष-किरण नसतात. जेली थंड लागते, बाकी काही नाही.

प्रश्न : मी ५४ वर्षांची शिक्षिका. टीएमटी सांगितली आहे. साडीवर चालेल का? गुडघे दुखतात. पट्ट्यावरून पडले तर?
– शहादा

साडी नको, बाई. निऱ्या पायात आल्या की आधी तुम्ही, मग तुम्हाला धरायला मी, असं दोघी आडव्या होऊ. सलवार-कमीज आणि बूट आणा. चप्पल नको. दोन-तीन तास आधी हलकं खा. उपाशी या असं कोणी सांगितलं असेल तर पुन्हा विचारून घ्या, कारण उपाशी पोटी चक्कर येते आणि तपासणी अर्ध्यावर थांबते.

पट्टा सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटरनं चालतो, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या मारता त्याहूनही सावकाश. पण चढ असतो, पहिल्यापासूनच दहा टक्के. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. ही ब्रूस नावाच्या डॉक्टरांची पद्धत, आणि आमच्याकडे सर्रास हीच चालते. २२० मधून वय वजा करायचं : तुमचे १६६. त्याचे ८५ टक्के, म्हणजे मिनिटाला साधारण १४१ ठोके गाठायचा प्रयत्न असतो. गाठलेच पाहिजेत असं नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, तर आकडा विसरा आणि सांगा. डॉक्टर तिथेच असतात, बीपीचा पट्टा दंडाला असतो, लाल बटण माझ्या हाताशी.

पुढची दांडी झोक्याच्या दोरीसारखी गच्च धरू नका. दांडीवर भार टाकून चाललं की पायांचं काम हात करतात, आणि माणूस आहे त्यापेक्षा दणकट असल्याचा रिपोर्ट येतो. बोटं नुसती टेकवा.

गुडघ्यांचं मात्र आजच डॉक्टरांना सांगा. गुडघ्यापायी चार मिनिटांत उतरावं लागलं, तर हृदयाचं काहीच कळत नाही आणि पैसे जातात. न चालता इंजेक्शन देऊन ठोके वाढवून इको करता येतो, तसे दुसरेही मार्ग आहेत. बीपीची कोणती गोळी त्या दिवशी बंद ठेवायची, हेही त्यांनाच विचारा. काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, पण त्या आपल्या मनानं सोडणं धोक्याचं.

प्रश्न : केळीची बाग आहे. अधूनमधून छातीत धडधडतं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत थांबतं. आता होल्टर लावणार आहेत. चोवीस तास घरी पडून राहायचं का? कटाई चालू आहे.
– रावेर

पडून राहायचं असेल तर होल्टर लावूच नका, दादा. रोजचं काम करताना हृदय काय करतं ते बघायचंय. शेतात जा, पाणी भरा. अंघोळ तेवढी नको, यंत्र भिजता कामा नये. घड खांद्यावर घ्यायचं काम एक दिवस दुसऱ्याला द्या, तारा ओढल्या जातात. मोटारीच्या स्टार्टरला बिलगून उभं राहू नका. आणि लावायला येताना छाती साबणानं धुऊन, तेल न लावता या. मे महिन्यात घामानं चिकटपट्ट्या सुटतात म्हणून मी वरून जास्तीची टेप मारते, आणि छातीवर केस असतील तर तेवढी जागा भादरते. त्यावरून घरी हसतील, हसू द्या.

आणि तुमच्या भागातल्या लोकांना माझी एक विनंती. हातापायावरचा केळीचा वाळलेला चीक काढून या. स्पिरिटनं पुसता पुसता माझा कापसाचा गोळा काळा होतो, आणि चिमटा तरी नीट धरत नाही.

सोबत एक कागद देतील, त्यावर वेळ लिहायची : ‘३.२०, घड उतरवला, धडधड.’ हा कागद बहुतेक पुरुषमंडळी कोराच आणून देतात. चोवीस तासांत लाखभर ठोके नोंदले जातात. त्यातला कोणता ठोका तुम्हाला जाणवला, हे यंत्राला कसं कळणार? एका गृहस्थांनी तर रात्री झोपताना यंत्र सोडून खुंटीला अडकवलं आणि सकाळी पुन्हा जमेल तसं चिकटवून आणलं. रात्री दहा ते सकाळी सहा सरळ रेघ. डॉक्टर म्हणाले, ‘सिस्टर, हे आठ तास वारले होते.’

तुमची धडधड महिन्यातून एकदाच येत असेल, तर चोवीस तासांत ती सापडेलच असं नाही. तेव्हा निराश होऊ नका, जास्त दिवस लावायची यंत्रंही मिळतात. दरम्यान धडधडताना मनगटाची नाडी एक मिनिट मोजून ठेवा. एकसारखी लागते की अडखळते, तेही लिहा. धडधडताना भोवळ आली तर मात्र मोजत बसू नका, दवाखाना गाठा.

प्रश्न : मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या) शेवटच्या वर्षाला आहे. एका दवाखान्यात हृदय तपासणी विभागात जागा निघाली आहे. मामा म्हणतात, ‘दिवसभर चिमटे लावशील, हात गंजतील, आयसीयू धर.’ काय करू?
– शिरपूर

मामांचं थोडं खरं आहे. पहिले सहा महिने चिमटेच. पण चिमटे लावता येतात असं समजणाऱ्या किती जणी लाल आणि पिवळा उलटा लावतात, ते मामांना माहीत नसणार. हातांचे दोन उलटले की कागद असा येतो, जणू माणसाचं हृदय उजवीकडे आहे. मला शिकवणाऱ्या सिस्टरनी एक खूण दिली होती, ती तुला देते : हळद-कुंकू हातांना, पीक-माती पायांना. कुंकू लावायचा हात उजवा, त्याला लाल. डाव्याला हळद, पिवळा. डाव्या पायाला हिरवं पीक, उजव्या पायाला काळी माती. सतरा वर्षांत विसरले नाही.

पुढे काम वाढतं. सकाळी आल्याबरोबर शॉकचं मशीन चार्ज करून बघायचं आणि औषधांच्या ट्रॉलीतली प्रत्येक बाटली तारखेसकट तपासायची. टीएमटीवर माणूस कोसळला तर छाती दाबायला पहिली तूच असतेस : मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. घशातून इको करायचा असेल तर पेशंट खरंच उपाशी आहे का हे तू विचारायचं. ‘चहा तेवढा घेतला’ हे वाक्य तिथेच पकडायचं. अँजिओग्राफीनंतर मनगटावरचा पट्टा किती सैल करायचा, बोटं निळी तर पडत नाहीत, हे बघायचं. कॅथलॅबमध्ये शिशाचा एप्रन असतो, संध्याकाळी कंबर बोलते. किरण मोजणारा बॅज लॉकरमध्ये ठेवून आत जाणाऱ्या मी पाहिल्यात. तशी होऊ नकोस.

तुला अहिराणी येते ना? ते लपवू नकोस. आमच्याकडे पुण्याकडची एक गुणी मुलगी लागली होती. एक आजी म्हणाल्या, ‘छातीम्हा जयजय व्हस.’ हिला वाटलं आजी देवाचा जयजयकार करतायत, हिनंही हात जोडले. आजींना जळजळ होत होती. मला ते कळलं म्हणून ईसीजी काढला, तो खराब निघाला. भाषा कळली नसती तर आजी बाकावरच बसून राहिल्या असत्या.

जागा घे. दोन वर्षं कर, कागद वाचायला शीक. मग आयसीयूत गेलीस तरी तिथल्या मॉनिटरवर तुला नुसती रेघ दिसणार नाही. जाण्याआधी एवढंच विचार, की टीएमटीच्या वेळी डॉक्टर खोलीत असतात की फोनवर. फोनवर असतील तर नको.

प्रश्न : मीही ईसीजी खोलीत काम करते. कागद निघताना पेशंट कागदाकडे बघत नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघतो. कागद खराब असला तर माझा चेहरा पडतो. काय करावं?
– एक सिस्टर, धुळे

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझाही पडायचा.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास साठीचे एक आबा एकटेच आले. टोपी, धोतर, हातात वांग्यांची पिशवी. बसस्टँडवरून पायी. म्हणाले, बसमध्ये छातीत भरून आलं, गॅस असेल, पण लेक सारखी म्हणते म्हणून ईसीजी काढून घेतो. बाहेर बेचाळीस अंश ऊन, त्यामुळे घामाला मी घाम समजले. पिशवी सोडेनात, शेवटी टेबलाखाली ठेवली. तारा लावल्या, कागद सरकायला लागला, आणि दुसऱ्याच ओळीत रेघा वर उचललेल्या, म्हणजे अटॅक. शिकाऊ मुलीलाही कळेल इतक्या. आबा माझ्याकडेच बघत होते. ‘काय शे वं माय? गॅसच शे ना?’

तेव्हापर्यंत माझ्याजवळ अशा वेळेसाठी दोनच वाक्यं होती : ‘काही नाही’ आणि ‘डॉक्टर सांगतील’. पहिलं खोटं. दुसऱ्यानं माणूस उठून डॉक्टरांना शोधायला निघतो, आणि त्या क्षणी त्यानं एक पाऊलही टाकायचं नसतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘आबा, हा कागद डॉक्टरांनी आत्ताच बघायला पाहिजे. तुम्ही उठायचं नाही. मी इथेच आहे.’ आणि खरंच तिथेच राहिले. दार पायानं उघडून बाहेरच्या मावशींना हाक मारली, कागद त्यांच्या हाती पाठवला. तारा काढल्या नाहीत. लेकीचा नंबर विचारला. नंबर आठवण्यात त्यांचा एक मिनिट गेला, आणि माझाही. तेवढ्यात डॉक्टर आले, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सुरू झालं, मग वरच्या मजल्यावर.

तेव्हापासून मी हेच करते, ताई. चेहरा सावरायचा प्रयत्न सोडून दिला. हाताला काम देते : खांद्यावर ठेवायचा, नंबर लिहायचा, चादर ओढायची. पेशंटला खरं असेल ते एकच वाक्य सांगते आणि पुढे काय करायचं तेवढं सांगते. आजाराचं निदान आपल्या तोंडून सांगायचं नाही, पण ‘नॉर्मल आहे’ असंही म्हणायचं नाही. तो माणूस त्या शब्दावर विश्वास ठेवून उठतो.

आबा वाचले. दोन दिवसांनी लेक खाली आली, पिशवी न्यायला. मी तर विसरूनच गेले होते. वांगी टेबलाखाली मऊ पडली होती. ती म्हणाली, बाबांनी सांगितलंय सिस्टरला देऊन ये. तुरीच्या काड्या मला शहरात कुठून मिळणार, गॅसवरच भाजली. आता त्या टेबलाखाली केळीचा एक जुना क्रेट ठेवलाय. पेशंटच्या पिशव्या त्यात, नाव लिहून.